‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ पाठ असूनही समीकरण का चुकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी ३क्ष + ५ = २० सारखी समीकरणं तोंडी सोडवते, नियम सगळे पाठ आहेत, पण ५ − २(क्ष − ३) = ३क्ष + १ असलं काही समोर आलं की दर वेळी वेगळंच उत्तर काढते. पायऱ्या क्रमानं सांगा, म्हणजे तशा घोटून घेतो, असं तुम्ही लिहिलंय.

पायऱ्या सांगतोच. पण ‘दर वेळी वेगळं उत्तर’ ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती आहे. एखादा नियम चुकीचा पाठ झाला असेल, तर मूल दर वेळी एकच चुकीचं उत्तर काढतं. उत्तरं बदलत राहतात याचा अर्थ तिच्याकडे नियम भरपूर आहेत, पण कुठला नियम कुठे लागतो हे ठरवायचं साधन नाही. त्यामुळे आणखी पायऱ्या घोटल्या तर त्या ढिगात भरच पडेल. ‘ही पायरी चालेल की नाही’ हे तिचं तिला तपासता आलं पाहिजे.

तुमच्याच समीकरणावर बघा. बरोबर उत्तर क्ष = २. चुकीची उत्तरं मात्र वाटेल ती येत नाहीत, बहुतेक वेळा पुढच्या तीनपैकी एक असतं. ‘उत्तरच नाही’ असं ती म्हणाली, तर तिनं आधी ५ − २ = ३ केलं. मग ३(क्ष − ३) = ३क्ष + १, म्हणजे ३क्ष − ९ = ३क्ष + १, आणि शेवटी −९ = १. उत्तर −२/५ आलं, तर कंस सोडवताना −२ आणि −३ यांचा गुणाकार तिनं −६ धरला. आणि १० आलं, तर कंस बरोबर सुटलाय, पण −२क्ष उजवीकडे नेताना त्याचं चिन्ह तसंच राहिलंय. पहिली चूक क्रियांच्या क्रमाची, दुसरी चिन्हांच्या गुणाकाराची, तिसरी बाजू बदलण्याची. तिन्हींवरचे उपाय वेगळे. तेव्हा जुनी वही काढून कुठलं उत्तर जास्त वेळा आलंय ते आधी पाहा.

आता, पुढचं काय करायचं हे एका गोष्टीवर अवलंबून आहे: तिची अडचण बीजगणितात आहे की ऋण संख्यांत? हे पाच हिशेब अक्षराशिवाय, कागदावर करायला द्या: ७ − (−४), −३ − ८, (−२) × (−५), −१८ ÷ ३, आणि ४ − ९ + २. उत्तरं ११, −११, १०, −६ आणि −३. शेवटचा मुद्दाम ठेवलाय. बरीच मुलं आधी ९ + २ = ११ करतात आणि −७ लिहितात. पाचांपैकी दोन किंवा जास्त चुकले, तर समीकरणं आठवडाभर बाजूला ठेवा आणि हेच करा. ऋण संख्या कच्च्या असताना समीकरणं सोडवून घेतली, की चूक हिशेबाची असते आणि मुलीला वाटतं आपल्याला बीजगणितच जमत नाही.

हिशेब बरोबर आले, तर दुसरी चाचणी: ९ + ६ = □ + ७. चौकटीत काय येईल? ८ यायला हवं. १५ लिहिलं, तर ती बरोबरच्या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिही’ असा घेते. हा अर्थ चुकीचा असूनही वर्षानुवर्षं चालून जातो, कारण अंकगणितात त्या चिन्हाच्या उजवीकडे बहुतेक वेळा उत्तरच असतं. समीकरणात तो चालत नाही. इथे = म्हणजे दोन बाजूंच्या किमतींबद्दलचं एक विधान आहे, त्यात हुकूम कुठलाच नाही. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञानं १५५७ मध्ये हे चिन्ह पहिल्यांदा छापलं, तेव्हा दोन समांतर सारख्या रेषा निवडल्या; दोन वस्तू याहून जास्त समान असू शकत नाहीत, हे त्याचं कारण. वहीत ३क्ष = १५ = ५ अशी साखळी दिसली, तर हाच गैरसमज आहे असं समजा. १५ आणि ५ समान कसे असतील? तिला म्हणायचं असतं ‘आणि मग पाच आलं’.

अक्षराबद्दलही एक-दोन गोष्टी पक्क्या हव्यात. ३क्ष म्हणजे ३ गुणिले क्ष. क्ष ४ असेल तर ३क्ष १२ होतो, ३४ नाही. नुसत्या क्ष च्या आधी न लिहिलेला १ असतो आणि −क्ष मध्ये −१. ५ + ३क्ष चे ८क्ष होत नाहीत, कारण पाच हा सुटा आकडा आहे आणि ३क्ष मध्ये क्ष तीन वेळा आहे. क्ष ला १ देऊन पाहिलं तर दोन्ही ८ येतात आणि मूल खूश होतं, म्हणून तपासताना १ आणि ० कधी वापरू नयेत. २ द्या: ५ + ६ = ११, आणि ८ × २ = १६. लगेच फरक दिसतो.

आता मुख्य मुद्दा. समीकरण सोडवताना प्रत्येक ओळ वरच्या ओळीतून दोनच प्रकारे येऊ शकते. पहिला प्रकार म्हणजे एका बाजूची आवराआवर: कंस सोडवणं, सजातीय पदं (क्ष ची क्ष शी, सुटे आकडे सुट्या आकड्यांशी) एकत्र करणं. यात त्या बाजूचं रूप बदलतं, किंमत बदलत नाही, म्हणून दुसऱ्या बाजूला हात लावायचा नसतो. दुसरा प्रकार म्हणजे दोन्ही बाजूंवर एकच क्रिया: दोन्हींत तेवढंच मिळवणं, दोन्हींतून तेवढंच वजा करणं, दोन्हींना शून्य सोडून एकाच संख्येनं गुणणं किंवा भागणं. यात दोन्ही बाजूंच्या किमती बदलतात, पण सारख्याच. तिसरा प्रकार नाही. लिहिलेली ओळ या दोन्हींत बसत नसेल, तर ती चूक आहे, मग नियम कुठलाही आठवत असो.

इथे तराजूचं चित्र दाखवायची पद्धत आहे आणि पहिल्या दोन दिवसांपुरतं ते चांगलं आहे. त्यापुढे ताणू नका. −२क्ष वजनाची वस्तू पारड्यात कशी ठेवायची, याला उत्तर नाही, आणि अडचण नेमकी तिथेच सुरू होते.

‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हा नियम खोटा नाही, पण तो दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात कोंबतो. ३क्ष + ५ = २० मध्ये +५ पलीकडे −५ होतो, कारण आपण दोन्ही बाजूंतून ५ वजा केले; डावीकडे +५ − ५ शून्य झालं, उजवीकडे − ५ उरला. प्रत्यक्षात काहीच कुठे गेलं नाही. पण ३क्ष = १५ मध्ये ३ पलीकडे जाताना भागाकार होतो आणि त्याचं चिन्ह तसंच राहतं. दोन्हींना ‘पलीकडे नेणं’ म्हटलं, की मूल ३क्ष = १५ वरून क्ष = १५ − ३ लिहितं, किंवा −४क्ष = १२ वरून क्ष = १२/४. दुसरी चूक जास्त हट्टी. ‘चिन्ह बदलतं’ हे डोक्यात पक्कं असल्यामुळे −४ चा +४ करून भागाकार केला जातो आणि ३ येतं. पूर्ण भाषेत बोललं तर चुकायला जागाच राहत नाही: दोन्ही बाजूंना −४ नं भागलं, डावीकडे क्ष उरला, उजवीकडे १२ ÷ (−४) = −३.

म्हणून पहिली वीसेक समीकरणं समासात क्रिया लिहून करून घ्या. तुमचं समीकरण असं दिसेल:

५ − २(क्ष − ३) = ३क्ष + १
५ − २क्ष + ६ = ३क्ष + १ … डावीकडे आवराआवर: कंस सोडवला
११ − २क्ष = ३क्ष + १ … डावीकडे आवराआवर: ५ + ६
११ = ५क्ष + १ … दोन्हींत २क्ष मिळवले
१० = ५क्ष … दोन्हींतून १ वजा
२ = क्ष … दोन्हींना ५ नं भागलं

दुसऱ्या ओळीपाशी थांबतो, कारण सगळ्यात जास्त गुण तिथेच जातात. कंसाबाहेर वजा दोन आहेत, नुसते दोन नाहीत. −२ चा गुणाकार कंसातल्या प्रत्येक पदाशी होतो: −२ × क्ष = −२क्ष आणि −२ × −३ = +६. मूल पहिल्या पदाला −२ देतं आणि दुसऱ्यापाशी पोचेपर्यंत ते वजा विसरतं, किंवा कंसातलं वजा एकदाच मोजतं. यावरचा साधा उपाय म्हणजे वजाबाकी बेरजेत लिहिणं: ५ + (−२)(क्ष − ३). आता −२ कंसात बंद झाला, त्याचं चिन्ह हरवत नाही, आणि ५ − २ आधी करायचा मोहही जातो. शिवाय बाहेरच्या −२ पासून क्ष पर्यंत एक कमान आणि −३ पर्यंत दुसरी कमान पेन्सिलनं काढायची. कमानी जितक्या, तितकी पदं पुढच्या ओळीत यायला हवीत. कंसाबाहेर नुसतं वजा असेल, जसं ७ − (क्ष − ४), तर तिथे १ लिहून घ्या: ७ + (−१)(क्ष − ४) = ७ − क्ष + ४. ही सवय लागली की पुढे अपूर्णांकांत फार उपयोगी पडते.

क्ष कुठल्या बाजूला गोळा करायचा? ‘डावीकडेच’ असा नियम नाही. वर −२क्ष आणि ३क्ष होते. लहान सहगुणक (क्ष च्या आधीचा आकडा, चिन्हासकट) −२ आहे, म्हणून तोच दोन्हींकडून घालवला आणि उजवीकडे +५क्ष उरला. लहान सहगुणक घालवला की ऋण सहगुणकानं भागायची वेळच येत नाही, आणि चिन्हाच्या निम्म्या चुका तिथेच टळतात. शेवटी २ = क्ष आलं तर क्ष = २ असं उलटून लिहायचं. उलटताना चिन्ह बदलत नाही, हे मात्र एकदा सांगून ठेवा. ‘बाजू बदलली’ म्हणून −२ लिहिणारी मुलंही असतात.

आधी वजाबाकी आणि मग भागाकार असा क्रम का, हा प्रश्न ती विचारेल, आणि विचारला नाही तर तुम्हीच विचारा. ३क्ष + ५ मध्ये क्ष ला आधी ३ नं गुणलंय, मग ५ मिळवलेत. उलगडताना शेवटची क्रिया आधी काढली तर काम सोपं होतं. पण हा क्रम सोयीचा आहे, सक्तीचा नाही. आधी ३ नं भागलं तरी चालतं, फक्त संपूर्ण बाजू भागली पाहिजे: क्ष + ५/३ = २०/३. मुलं क्ष + ५ = २०/३ लिहितात, म्हणजे एकाच पदाला भागतात. कधी कधी आधी भागणंच शहाणपणाचं असतं. ४(क्ष + ७) = ३६ मध्ये कंस सोडवायची गरज नाही, दोन्हींना ४ नं भागा: क्ष + ७ = ९. पण ५ + ४(क्ष + ७) = ४१ मध्ये आधी ५ घालवावे लागतात, कारण ४ हा संपूर्ण डाव्या बाजूचा गुणक नाही. कुठला मार्ग छोटा, हे समीकरण बघून ठरवायचं असतं. ते सवयीनं येतं आणि सुरुवातीला लांबच्या वाटेनं गेलं तरी काही बिघडत नाही.

अपूर्णांक असलेली समीकरणं भीतिदायक दिसतात, पण पहिल्याच पायरीत छेद घालवले की ती नेहमीसारखीच होतात. उदाहरण घेऊ: (क्ष + ३)/२ − (क्ष − १)/३ = ३. छेद २ आणि ३, लसावि ६. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पदाला ६ नं गुणा.

३(क्ष + ३) − २(क्ष − १) = १८
३क्ष + ९ − २क्ष + २ = १८
क्ष + ११ = १८
क्ष = ७

पडताळा: १०/२ − ६/३ = ५ − २ = ३. जमलं.

यात दोन ठरलेले खड्डे आहेत. उत्तर −८ आलं, तर उजवीकडच्या ३ ला ६ नं गुणायचं राहिलं. छेद दिसत नाही म्हणून तो आकडा तसाच उतरवला गेला. सुट्या आकड्याखाली १ हा छेद लिहून घेतला, ३/१ असा, की तो सुटत नाही. उत्तर ११ आलं, तर −२(क्ष − १) चे −२क्ष − २ झाले. याचं मूळ अपूर्णांकाच्या रेषेत आहे. ती रेषा अंशाभोवती कंसाचं काम करते, पण तो कंस दिसत नाही. छेद गेला की रेषा जाते आणि न दिसणारा कंसही तिच्याबरोबर जातो. म्हणून गुणण्याआधीच प्रत्येक अंशाभोवती कंस घालायचा, अंशात एकच पद असलं तरी. नंतर काढता येतो.

तिरकस गुणाकाराबद्दल, म्हणजे एका बाजूचा अंश दुसऱ्या बाजूच्या छेदाशी गुणण्याबद्दल, सावध राहा. एका बाजूला एकच अपूर्णांक आणि दुसऱ्या बाजूला एकच अपूर्णांक असेल, तेव्हाच तो चालतो. (२क्ष + १)/५ = (क्ष − १)/२ मध्ये २(२क्ष + १) = ५(क्ष − १), म्हणजे ४क्ष + २ = ५क्ष − ५, म्हणून क्ष = ७. पण क्ष/४ + २ = ५ वर तोच प्रयोग केला, की क्ष + २ = २० आणि क्ष = १८ येतं, जे चूक आहे. बरोबर उत्तर १२. तिरकस गुणाकार म्हणजे दोन्ही बाजूंना दोन्ही छेदांनी गुणणंच. वेगळी युक्ती नाही. मी तो उशिराच शिकवतो, कारण लवकर शिकवला की मुलं रेषा दिसेल तिथे तो लावतात.

दशांश चिन्ह असेल तर ज्या पदात दशांशानंतर सगळ्यात जास्त अंक आहेत त्याप्रमाणे १० किंवा १०० नं गुणा. ०.३क्ष − ०.०५ = १.४५ ला १०० नं गुणलं की ३०क्ष − ५ = १४५, क्ष = ५. इथेही प्रत्येक पद गुणायचं, बाकी नवीन काही नाही.

काही समीकरणांत क्ष च नाहीसा होतो आणि मुलं गोंधळतात. २(क्ष + ३) = २क्ष + ६ सोडवताना ६ = ६ उरतं; याचा अर्थ कुठलीही संख्या चालेल. २(क्ष + ३) = २क्ष + ५ मध्ये ६ = ५ उरतं; कुठलीच संख्या चालणार नाही. दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण ‘उत्तर नाही’ लिहिण्याआधी सगळ्या ओळी पुन्हा तपासायची सवय लावा, कारण वर पाहिलं तसं ते चुकीतूनही येतं. तिसरी गंमत म्हणजे ५क्ष = २क्ष. मूल दोन्हींना क्ष नं भागतं, ५ = २ येतं आणि ‘उत्तर नाही’ लिहून मोकळं होतं. २क्ष वजा केले तर ३क्ष = ०, क्ष = ०. शून्य हेही उत्तर असतं, आणि क्ष नं भागताना आपण कदाचित शून्यानं भागत असतो. म्हणून या टप्प्यावर क्ष असलेल्या कशानंही भागायचं नाही, असं सरळ सांगून टाका.

पडताळ्यावर जरा वेळ घालवतो, कारण तुमच्या मुलीला सगळ्यात जास्त फायदा त्याचाच होईल. तो नेहमी मूळ समीकरणात करायचा, मधल्या ओळीत नाही. क्ष च्या जागी संख्या कंसात लिहायची. ९ − ५क्ष मध्ये −३ घालताना ९ − ५(−३) लिहिलं तर २४ येतं, नुसतं घाईत ९ − ५ − ३ लिहिलं तर १. आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायच्या: डावी बाजू इतकी, उजवी बाजू इतकी, मग तुलना. आधीच मध्ये = लिहून दोन्हीकडे हिशेब करत गेलं की उत्तर जुळवून आणायचा मोह होतो.

पडताळा जुळला नाही तर मुलं सगळं खोडून पहिल्यापासून करतात आणि तीच चूक पुन्हा करतात. त्याऐवजी चुकीचंच उत्तर घेऊन खालून वर यायचं आणि प्रत्येक ओळीत ते घालून पाहायचं. चूक झाल्यानंतरच्या ओळींत ते उत्तर बसतं, आधीच्या ओळीत बसत नाही. क्ष = १० आलं होतं ना, त्या ओळी घ्या:

११ − २क्ष = ३क्ष + १
११ − १ = ३क्ष − २क्ष
१० = क्ष

मधल्या ओळीत १० घातले: डावीकडे १०, उजवीकडे ३० − २० = १०, बसलं. वरच्या ओळीत: डावीकडे ११ − २० = −९, उजवीकडे ३१, बसलं नाही. चूक या दोन ओळींच्या मध्येच आहे. आता विचारायचं, ही पायरी आवराआवर आहे की दोन्ही बाजूंवरची क्रिया? १ दोन्हींतून वजा झालाय, ते ठीक. २क्ष चं काय झालं? डावीकडून −२क्ष जायला २क्ष मिळवायला हवे होते, उजवीकडे मात्र वजा झाले. चूक तिनं स्वतः शोधली. एकाच गणितात दोन चुका असतील तर ही रीत आधी खालची दाखवते. ती दुरुस्त करून पुन्हा तसंच वर जायचं.

लिहिण्याच्या पद्धतीचाही वाटा असतो. एका ओळीत एकच समीकरण, बरोबरची चिन्हं एकाखाली एक, एका ओळीत एकच क्रिया. वजाचं चिन्ह ठळक आणि लांब काढायला सांगा. पुढच्या ओळीत उतरवताना हरवतं ते बहुतेक वेळा बारीक टिंबासारखं काढलेलं वजा. खोडरबर वापरू देऊ नका, चूक एका रेघेनं काटायची, म्हणजे नंतर ती वाचता येते.

सरावाचं प्रमाण मुलावर अवलंबून आहे, पण एका बैठकीत चाळीस गणितांपेक्षा रोज सहा-सात, पडताळ्यासकट, जास्त कामाची. आधी ऋण सहगुणक, मग दोन्ही बाजूंना क्ष, मग कंस, मग वजा असलेला कंस, शेवटी अपूर्णांक. एका प्रकारची दहांपैकी आठ बरोबर आली की पुढे जा, आणि मागच्या प्रकारातलं एक रोज मिसळत राहा. अधूनमधून चुकीचं सोडवलेलं गणित तुम्हीच लिहून द्या आणि चूक शोधायला सांगा. शाब्दिक उदाहरणं सध्या यात आणू नका. समीकरण मांडणं हे वेगळं कौशल्य आहे आणि दोन्ही एकदम सुरू केली की कुठे अडलं ते कळत नाही.

गणितं स्वतः तयार करणार असाल तर ती आधी चुकीच्या रीतीनंही सोडवून बघा. ८ − ३(क्ष − २) = २क्ष − १ निरुपद्रवी दिसतं; उत्तर ३. पण कुणी आधी ८ − ३ = ५ केलं तरी ५(क्ष − २) = २क्ष − १ मधून ३ च येतं, कारण क्ष ३ असताना कंसाची किंमत १ होते. मुलीची चूक झाकली जाईल आणि पडताळाही जुळेल. ८ − ३(क्ष − ४) = २क्ष + ५ घ्या. उत्तर तेच ३, पण चुकीच्या रीतीनं २५/३ येतं.

समासातल्या नोंदी कधी बंद करायच्या? कुठल्याही ओळीवर बोट ठेवून ‘इथे दोन्हींना काय केलंस?’ विचारल्यावर ती न अडखळता सांगत असेल, तेव्हा. त्यानंतर तिनं ‘पलीकडे नेलं’ म्हटलं तरी हरकत नाही.

सुरुवातीला ही पाच द्या: ४क्ष − ७ = २१; ९ − ५क्ष = २४; ६क्ष + ५ = २क्ष − ११; ३(२क्ष − १) = ४क्ष + ९; (क्ष + ५)/३ − (क्ष − ३)/२ = १. उत्तरं अनुक्रमे ७, −३, −४, ६, १३. दुसऱ्यात ३ आलं तर ऋण सहगुणकानं भागताना चिन्ह गेलं. शेवटच्यात १८ आलं तर उजवीकडचा १ गुणायचा राहिला, आणि −५ आलं तर न दिसणारा कंस हरवला.